कथा लिहिली की लगेच पोस्ट करताय? आधी दुसरा खर्डा करा

मुळशी म्हटलं की मोबाईलवर दोन गोष्टी हमखास दिसतात. पावसाळा असेल तर ताम्हिणी घाटातल्या धबधब्यांच्या रील्स, आणि बारा महिने 'मुळशी पॅटर्न'चे डायलॉग. 2018 साली प्रवीण तरडे यांचा तो सिनेमा आला आणि जमीन विकली, पैसा आला, पैसा संपला, पोरगं वाया गेलं ही गोष्ट अख्ख्या महाराष्ट्राला पाठ झाली.

पण तालुका काही एका गोष्टीत संपत नाही. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात येतं. पिरंगुटला कारखाने आहेत, पौडला तहसील कचेरी आहे, लवासा आहे, भाताची खाचरं आहेत आणि शंभर वर्षांपूर्वी ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह झाला ते धरणही आहे. एवढा ऐवज असल्यावर लिहिणारी माणसं निघणारच. कंपनीच्या बसमध्ये अंगठ्यानं टाइप करणारी, कॉलेजातून आल्यावर वहीत लिहिणारी, रात्री सगळे झोपल्यावर नोट्स अ‍ॅप उघडून बसणारी.

आता समजा, त्यातल्याच एकानं रात्री बाराला कथा संपवली. डोळे भरून आलेत, छाती भरून आलीय. साडेबाराला पोस्ट टाकली. सकाळी दीडशे बदाम, वीस "अप्रतिम", तीन "शब्द नाहीत" आणि एक "पुढचा भाग कधी?". आठवड्यानं तीच कथा घरच्या ग्रुपवर मावशीनं पाठवली. खाली नाव नाही. 'लेखक अज्ञात' आणि वर 'आवडलं म्हणून पाठवतेय'.

यात नुकसान काय झालं? नाव गेलं हे तर सरळच आहे. पण माझ्या मते मोठं नुकसान वेगळं आहे. ती कथा अजून व्हायची होती, आणि बदाम मिळाल्यामुळं तिच्यावरचं काम तिथंच थांबलं.

आधी हे काम कोण करायचं?

मराठीत कथा लिहून ती छापून येण्याच्या मधे पूर्वी एक माणूस बसलेला असायचा: संपादक. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' सुरू केलं, 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आणि कथा हा मराठी माणसाच्या घरात वर्षातून एकदा तरी येणारा पाहुणा झाला. पण नव्या लेखकाच्या खर्ड्यावर बसून काम करण्यासाठी ज्या मासिकाचं नाव आजही निघतं ते म्हणजे 'सत्यकथा'.

1933 साली सुरू झालेलं हे मासिक 1982 साली बंद पडलं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ही तिथली दोन मोठी नावं. (पटवर्धनांना बरेच जण 'पाडस'चे अनुवादक म्हणून ओळखतात.) गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, जी. ए. कुलकर्णी, ही सगळी मंडळी तिथं लिहायची. पण लिहू पाहणाऱ्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथून येणारं पत्र. कथा आवडली नाही तर 'साभार परत'. पण कथेत काही दिसलं, आणि ते पुरतं उतरलेलं नाही असं वाटलं, तर संपादक लेखकाला लिहायचे: अमुक ठिकाणी गडबड आहे, तमुक पात्र पुसट आहे, पुन्हा लिहून पाहा. लेखक पुन्हा लिहायचा. कधी कधी तिसऱ्यांदा लिहायचा. कथा छापून यायला महिनेच्या महिने लागायचे.

आज तो माणूस मधे नाही. ही चांगली गोष्ट आहे, कारण दार कुणाच्या हातात राहिलं नाही. आणि वाईटही आहे, कारण दारात उभं राहून "हे अजून झालेलं नाही" म्हणणारंही कुणी नाही. ते काम आता आपलं आपल्याला करावं लागतं. ते कसं करायचं, हे एका उदाहरणावरून बघू. उदाहरण मीच रचलंय, मुळशीचंच.

एक आजी, तीन खर्डे

आधी थोडा इतिहास, कारण कथेला तो लागणार आहे. मुंबईला वीज हवी होती म्हणून टाटा कंपनीनं मुळशीत धरण बांधायला घेतलं. पाणी सह्याद्रीतून बोगद्यानं खाली कोकणात सोडायचं आणि भिऱ्याला वीज करायची, अशी योजना. भातखाचरं जाणार म्हणून 16 एप्रिल 1921 रोजी मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढं होते. 'सेनापती' ही ओळख त्यांना याच लढ्यानं दिली. 1924 पर्यंत लढा चालला. धरण झालंच.

आता आपला लेखक या विषयावर कथा लिहितो. पहिला खर्डा असा:

*आजी खूप दुःखी होती. धरणात गेलेल्या जमिनीची तिला फार आठवण यायची. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं. विकासाच्या नावाखाली गरिबांवर किती मोठा अन्याय झाला होता!*

चुकीचं काही नाही. भावना खरी आहे. पोस्ट केलं तर बदाम नक्की मिळतील. पण ही आजी कुणाचीही असू शकते. कोयनेची, उजनीची, कुठलीही. "खूप दुःखी" हे लेखकानं सांगितलं, वाचकाला दिसलं काहीच नाही. आणि चौथं वाक्य तर आजीचं नाहीच, ते भाषणातलं आहे.

म्हणून लेखक दुसऱ्या खर्ड्यात आजीच्या हाताला काम देतो, तिला तळ्याकाठी नेऊन बसवतो. तोंडी खाचरांची नावं देतो. हा खर्डा तो पोस्ट न करता गावातल्या एका चुलत्याला वाचायला देतो. चुलता फारसा वाचणारा नाही. तो कथेवर काहीच बोलत नाही, फक्त विचारतो, "आजीचं वय काय रं?"

इथं लेखकाची पंचाईत होते. कथा आजची आहे. आजी ऐंशीची धरली तर तिचा जन्म 1945 च्या आसपासचा. जमिनी पाण्याखाली गेल्या त्या त्याच्या कितीतरी आधी. तिला आठवण यायची कशी? तिनं ती जमीन पाहिलेलीच नाही!

पुष्कळ जण अशा वेळी कथा सोडून देतात, किंवा आजीला शंभरी पार करायला लावतात, किंवा "कोण एवढा हिशेब करतंय" म्हणून तशीच ठेवतात. पण ही चूक हाच कथेचा दरवाजा आहे. आजीनं पाहिलं नसेल, तर तिला नावं सांगितली कुणी? हिशेब करा: ती साधारण 1962 साली लग्न होऊन आली असेल. तेव्हा घरात साठीतली आजेसासू असू शकते, आणि ती 1921 साली वीस-एकवीस वर्षांची असेल. म्हणजे जमीन पाहिलेली बाई ती. आजीकडं आलेली आहेत फक्त नावं. तिसरा खर्डा:

*आजीनं ती खाचरं कधी पाहिली नव्हती. ती लग्न होऊन आली तेव्हा त्यांच्यावर पाणीच होतं. पण आजेसासूनं तिच्याकडून नावं पाठ करून घेतली होती. संध्याकाळी तळ्याकडं तोंड करून ती बोटं मोडत म्हणायची. वडाचं. थोरलं. वळणाचं. म्हशीचं.*

*"म्हशीचं का गं?" मी विचारलं.*

*"मला काय ठावं," आजी म्हणाली. "तिनं मला सांगितलं, मी तुला सांगतीया."*

दुःख हा शब्द कुठंही नाही. अन्याय हा शब्द नाही. तरी दोन्ही आहेत, आणि आता ही आजी फक्त याच धरणाकाठची आहे. शिवाय लेखकाला स्वतःलाही माहीत नव्हतं असं काहीतरी कथेत आलं: कधी न पाहिलेल्या जमिनीचा वारसा. पहिल्या रात्री ही कथा त्याच्या डोक्यात नव्हतीच. ती चुलत्याच्या एका रुक्ष प्रश्नातून आली.

पुनर्लेखन म्हणजे शुद्धलेखन तपासणं आणि दोन-चार विशेषणं बदलणं, असा एक समज आहे. ते शेवटी करायचं. सुरुवातीच्या फेऱ्यांमध्ये प्रश्न मोठे असतात. ही गोष्ट नक्की कुणाची? सांगतंय कोण, आणि त्याला हे माहीत कसं? कथा सुरू होते तिथं खरंच सुरू होते का, की पहिली दोन परिच्छेद लेखक नुसता घसा साफ करतोय? (बहुतेक वेळा करत असतो. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा.) हे प्रश्न सुटल्याशिवाय वाक्यं घासत बसलात तर उद्या जी खोली पाडायची आहे तिला आज रंग दिल्यासारखं होतं.

मात्र पहिला खर्डा लिहिताना यातलं काहीही डोक्यात आणू नका. तो शेवटपर्यंत न्या. वाईट असला तरी पूर्ण करा. पहिलंच पान वीस वेळा सुधारणाऱ्यांच्या कथा एक पानाच्याच राहतात. पूर्ण झाला की बाजूला ठेवा, निदान दोन आठवडे. तोवर दुसरं काही लिहा.

मोठ्यानं वाचा

कथा तपासायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे आपला स्वतःचा आवाज. मराठीत याची परंपराही आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघं गावोगावी जाऊन कथाकथन करायचे आणि लोक तिकीट काढून ऐकायला यायचे. समोर माणसं बसलेली असली की कथा कुठं ढिली पडते ते लगेच कळतं. खुर्च्या वाजतात, कुणी खोकतं.

आपल्याकडं सभागृह नसेल, पण बंद खोली असते. मोठ्यानं वाचलं की मराठीचा एक खास दोष कानाला लगेच टोचतो: ओळीनं सगळी वाक्यं 'होता, होती, होतं'वर संपणं. "तो बसला होता. पाऊस पडत होता. चहा थंड झाला होता." डोळ्यांना हे दिसत नाही, कानाला मात्र दहा ओळींत कंटाळा येतो. दुसरं म्हणजे टिंबं... जी आपण सगळे... चॅटमध्ये टाकतो... ती कथेत आली की प्रत्येक पात्राला दम लागल्यासारखा वाटतो. आणि तिसरं, "तेवढ्यात". एका कथेत चार वेळा "तेवढ्यात" काहीतरी घडत असेल तर ते घडत नाही, तुम्ही घडवताय.

शेवटाबद्दलही एक विनंती. ताम्हिणी घाटात लिफ्ट मागणारी बाई दहा वर्षांपूर्वीच वारलेली असते, हे आता वाचकाला तिसऱ्या ओळीत कळतं. धक्का द्यायचाच असेल तर घाट तरी बदला.

काय बदलायचं नाही

इथं 'सत्यकथे'ची दुसरी बाजू सांगायला हवी. 1969 साली लघुअनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुण लेखकांनी मुंबईत 'सत्यकथे'चा अंक जाळला. राजा ढाले त्यांच्यात होते. राग होता तो हाच, की चांगलं साहित्य कशाला म्हणायचं हे थोडीच माणसं ठरवतात, आणि आमचं जगणं, आमची भाषा त्या चौकटीत बसत नाही. त्याआधीच, 1963 साली, बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा संग्रह आला होता. मराठी कथेत काय सांगता येतं याची हद्दच त्यानं हलवली. पुढं गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श'सारखी नियतकालिकं उभी राहिली, कारण आपल्या लेखनाला आपले वाचक आणि आपले संपादक हवे होते.

याचा आजच्या लिहिणाऱ्याशी थेट संबंध आहे. तुमची कथा वाचून कुणीतरी म्हणणारच की "हे 'सांगतीया', 'ठावं' वगैरे काढून टाक, शुद्ध कर". ऐकायचं का? माझं मत: नाही. बोलणारं माणूस जसं बोलतं तसंच बोलू द्या. पण एकाच माणसाच्या तोंडी एका पानावर 'नाही' आणि दुसऱ्या पानावर 'नाय' आलं, तर ती बोली नाही, निष्काळजीपणा आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ही वाट मराठी ग्रामीण कथेनं मळून ठेवली आहे. पूर्ण कथा बोलीतही चालते, फक्त ती बोली ऐकून लिहिलेली असावी, सिनेमातून उचललेली नसावी. मावळातलं बोलणं आणि कोल्हापूरचं बोलणं एक नव्हे. पडद्यावर मात्र बऱ्याचदा सगळा ग्रामीण महाराष्ट्र एकाच गावचा असतो.

"कशी वाटली?" हा प्रश्न बंद

कथा दाखवायची असेल तर तीनच माणसांना दाखवा. एक, ज्याला ती जागा, ते काम माहीत आहे. भाताची लावणी कधी, राब कधी भाजतात, एसटी कुठवर जाते, हे त्याला ठाऊक असलं पाहिजे. दोन, जो भरपूर वाचतो. तीन, ज्याला मुळशी नकाशावरही सापडणार नाही. पहिला तपशील पकडतो, दुसरा शिळेपणा पकडतो आणि तिसरा तुम्ही गृहीत धरून सोडून दिलेलं सगळं पकडतो.

त्यांना "कशी वाटली?" विचारलंत तर "छान" हेच उत्तर मिळेल, कारण त्यांना तुमच्याशी उद्याही बोलायचं आहे. त्यापेक्षा असं विचारा: कुठं थांबलास? कुठं मागं जाऊन पुन्हा वाचावं लागलं? शेवटी काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. कोणतं पात्र आता आठवत नाही? या प्रश्नांना 'छान' हे उत्तर देता येत नाही.

मग ऐका, आणि वाद घालू नका. "नाही, मला तिथं असं म्हणायचं होतं" हे वाक्य तोंडात आलं की समजा, ते कागदावर उतरलेलं नाही. एक मात्र लक्षात ठेवा. वाचक कुठं अडला हे तो बरोबर सांगतो, पण त्यावर उपाय सांगतो तो बऱ्याचदा चुकीचा असतो. "शेवटी आजीला मरू दे" असं कुणी सुचवलं तर आजीला मारू नका. शेवट अजून पोचत नाहीये, एवढंच त्यातून घ्या.

गावातल्या माणसांवर लिहिताना एक जबाबदारी जास्तीची आहे. पन्नास-साठ घरांच्या वाडीत नाव बदललं म्हणून माणूस लपत नाही. 'सखाराम'चा 'तुकाराम' केला तरी भावकीतला वाद, विकलेला तुकडा आणि लंगडा बैल यावरून सगळ्यांना कळतंच. अशा वेळी नाव नव्हे, परिस्थितीच बदलावी लागते. गंमत म्हणजे असं केलं की कथाही बऱ्याचदा सुधारते, कारण "पण खरंच असं झालं होतं" हा आधार निघून जातो.

आता पोस्ट करायची?

करा, पण क्रम बघा. दिवाळी अंक आणि मासिकं सहसा अप्रकाशित कथा मागतात, आणि सोशल मीडियावर सगळ्यांसाठी टाकलेली कथा पुष्कळ ठिकाणी प्रकाशितच धरली जाते. म्हणून कथा कुठं पाठवायची इच्छा असेल तर आधी तिकडं पाठवा. उत्तर आलं, किंवा वाट बघून कंटाळलात, की मग पोस्ट करा. उलट्या क्रमानं गेलात तर एक दार आपणच बंद करून घेतो.

हक्कांचं काय? भारतातल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथा लिहिली गेली की तिचे हक्क आपोआप लेखकाकडं येतात. नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं ते टिकतात. आपलं लेखन आपल्या नावानं ओळखलं जावं हा हक्कही याच कायद्यात आहे. मात्र संरक्षण असतं ते शब्दरचनेला, कल्पनेला नाही. धरणाकाठच्या आजीवर दुसरं कुणीही लिहू शकतं. तुमचे परिच्छेद उचलू शकत नाही.

कायदा असला तरी मावशीच्या फॉरवर्डवर कुणी खटला भरत नाही. त्यामुळं साधी काळजी घ्या. नाव फक्त शेवटी न टाकता शीर्षकाखालीही टाका, शेवटची ओळ सगळ्यात आधी कापली जाते. खर्डे स्वतःलाच मेल करून ठेवा, म्हणजे तारखा राहतात. स्पर्धेला पाठवताना नियमांच्या तळाशी जाऊन बघा: "सर्व हक्क आयोजकांकडे राहतील" असं लिहिलं असेल तर बक्षीस किती आणि देतोय काय याचा हिशेब करा.

दिवाळी अंकांची जुळवाजुळव बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यातच सुरू होते. म्हणजे मुळशीच्या भाषेत सांगायचं तर, राब भाजायच्या दिवसांत पहिला खर्डा पुरा झाला, पेरणीला बाजूला ठेवला आणि लावणी आटोपेपर्यंत तिघांनी वाचून दिला, तर तिसरा खर्डा वेळेत पाकिटात पडतो.